तंजावरचा इसाप आणि बडोद्याची पेटी

मराठी मुलांच्या वाचनाचा इतिहास सांगायला बसले की लेखक सहसा पुण्या-मुंबईपासून सुरुवात करतात. हा इतिहास उगवला मात्र कावेरीच्या काठी. इ. स. १८०६ च्या सुमारास तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ नावाचे पुस्तक बाहेर पडले. दरबारातल्या पंडिताने केलेले इसापाच्या गोष्टींचे हे मराठी भाषांतर. पेशवाई अजून उभी होती, पुण्यात छपाईचे नाव नव्हते. ज्या गावात घराबाहेर पाऊल टाकताच कानांवर तमिळ पडत होती, तेथे लांडगा आणि कोकरू मराठीतून बोलू लागले होते.

याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूरला केरीसाहेब वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी पुस्तके छापत होते. ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ ची, ‘हितोपदेश’ १८१५ चा. पण तो खटाटोप मुख्यतः कंपनी सरकारच्या तरुण साहेबांना मराठी यावे म्हणून चालला होता. गोष्टी मुलांच्या असल्या, तरी त्या वाचणारे मुलगे मिसरूड फुटलेले आणि गोरे होते. तंजावरची गोष्ट निराळी. सरफोजी राजे स्वतः श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले, अनेक भाषांत रस असलेले गृहस्थ. सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव त्यांच्याच काळात वाढले. त्यांनी शाळाही काढल्या. व्यंकोजीराजांपासून सव्वाशे वर्षे तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी कुळांतली मुले पुढे कोणती भाषा वाचणार, हा प्रश्न त्यांना पुण्यातल्या कोणाहीपेक्षा आधी पडलेला असणार. पाण्यात राहणाऱ्याला पाणी दिसत नाही म्हणतात. भाषेचेही तसेच आहे, ती दिसते काठावर राहणाऱ्याला.

‘बालबोध’ हा शब्दही जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपण देवनागरीला बाळबोध लिपी म्हणतो. मराठी दफ्तर चाले मोडीत, हात न उचलता झरझर लिहिलेल्या अक्षरांत. ती लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी. एकेक अक्षर सुटे, शिरोरेषेखाली नीट मांडलेले, पोरालाही उमगेल असे, ते बाळबोध. आपल्या पूर्वजांनी एका अख्ख्या लिपीला मुलाचे नाव दिले आणि शंभर-दीडशे वर्षे त्या मुलाच्या हाती तिच्यात लिहिलेले वाचण्याजोगे फारसे काही दिले नाही! पोथ्या होत्या, पण त्या सोवळ्यात. मुलांना मिळाली ती घोकंपट्टी: पाढे, परवचा, स्तोत्रे. पंतोजींच्या शाळेत अक्षर धुळीच्या पाटीवर गिरवायचे असे आणि चुकले तर छडी. आपल्याकडे अक्षराशी पहिली ओळख बहुधा भीतीच्या मध्यस्थीने झाली, आणि ही मध्यस्थी पुष्कळ दिवस टिकली.

पेशवाई बुडाल्यानंतर मुंबईत शाळापुस्तकांची मंडळी उभी राहिली. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके दिली. ‘बाळमित्र’ मूळचा बर्क्विन या फ्रेंच लेखकाचा, इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेला. पुस्तकाच्या नावात मित्र हा शब्द आहे, पण आत उपदेशच फार. खोटे बोललेल्या मुलाची फजिती झाल्याशिवाय गोष्ट संपत नाही. तरीही छत्र्यांचे गद्य सरळ आणि घरगुती होते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. १८७३ साली अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ मासिक निघाले. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ आला १९०६ मध्ये. मुलांच्या मासिकाचे नाव बोध किंवा नीती असे न ठेवता ‘आनंद’ ठेवावे, एवढ्यात वाऱ्याची दिशा कळते. या मासिकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे उगाळत नाही. मला सांगायचे आहे ते बडोद्याचे.

मासिक निघाले, पुस्तक छापले, म्हणून ते मुलापर्यंत पोचतेच असे नाही. छापखाना आणि मूल यांच्यात फार मोठे अंतर असते. त्या अंतरात पैसा असतो, रस्ता असतो, जात असते, आईबापांची निरक्षरता असते, आणि आपल्यासारख्या दुभाषी मुलखात भाषाही असते. हे अंतर सरकारी खर्चाने ओलांडण्याचा हिंदुस्थानातला पहिला मोठा प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. तो ज्याने केला तो राजा वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरशत्रू होता.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. राजवाड्यात आल्यावर त्याला अ आ इ पासून आरंभ करावा लागला, आणि तोही एका वेळी चार भाषांत: मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी. इलियट नावाचे साहेब शिक्षक होते. बारा वर्षांच्या मुलाला बाराखडी शिकणे किती जड जाते, हे प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकवलेल्या कोणालाही विचारावे. हा माणूस पुढे स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तके जमवणारा वाचक झाला. आपले बारा कोरे वृत्तान्त आपल्या प्रजेच्या पोरांच्या वाट्याला येऊ नयेत असे त्याला वाटले असेल काय? महाराजांच्या मनात शिरण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी काय केले ते मात्र दफ्तरी आहे.

१८९३ साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश मुलखात गोखल्यांनी याच धर्तीचे विधेयक १९११ मध्ये आणले तेव्हा ते फेटाळले गेले. बडोद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होई. दंडाने मुले शाळेत आली. चार-पाच वर्षे शिकून ती शेतावर परत गेली आणि हळूहळू शिकलेले विसरू लागली. घरात छापील कागद म्हणावा तर पंचांग, तेही असले तर. अक्षरओळख ही पोहण्यासारखी नसते, एकदा आली की कायमची राहिली असे होत नाही. ती विझते. तिला रोज काडी घालावी लागते.

गावकऱ्यांतून याच सुमाराला दुसरे काम सुरू झाले होते. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ मध्ये ‘मित्रमंडळे’ काढून खेड्यांतून वाचनालये उभारायला घेतली. महाराजांनी त्याच साली अमेरिकेचा प्रवास केला आणि तेथली सार्वजनिक वाचनालये पाहिली. १९१० साली त्यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. महाराजांनी राजवाड्यातला आपला खाजगी संग्रह मध्यवर्ती वाचनालयास देऊन टाकला, आणि वर्गणी न घेता पुस्तके घरी देण्याची प्रथा पडली. त्या काळी आपल्याकडची बहुतेक वाचनालये वर्गणीची होती. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे बडोद्याहून कितीतरी जुने, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या पिढीच्या वाचनालयांत मुलाला जागा नव्हती. तेथे वडीलधारी मंडळी वर्तमानपत्रे वाचीत आणि वादविवाद करीत.

बडोद्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले गेले. तेथे पुस्तके होती, चित्रे होती आणि खेळही होते. वाचनालयात खेळ ठेवणे हे आपल्याकडच्या पुष्कळ शहाण्यांना तेव्हा पटले नसेल, आजही पटत नाही. पण यामागचा विचार साधा आहे. मूल आधी जागेवर प्रेम करते, मग त्या जागेतल्या वस्तूंवर. शाळेत न आल्याबद्दल बडोद्यात दंड होता, वाचनालयात न आल्याबद्दल नव्हता. एकाच राज्यकर्त्याने एकाच पिढीत केलेल्या या दोन गोष्टी. एका गोष्टीला सक्ती लागते आणि दुसरीला ती चालत नाही, हे त्याने ओळखले होते.

आता पेटी. शहरात दालन झाले, पण सुमारे वीस लाख वस्तीच्या संस्थानातली बहुतेक मुले खेड्यांत होती. त्यांच्यासाठी फिरती वाचनालये निघाली. भक्कम लाकडी पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके भरून ती गावाला रवाना करायची, येण्याजाण्याचा खर्च सरकारने सोसायचा, ठराविक मुदतीनंतर पेटी परत येऊन दुसरी जायची. काही पेट्यांतला संच ठरलेला असे, काही मागणीप्रमाणे भरल्या जात. बायकांसाठी वेगळा संच, मुलांसाठी वेगळा. गावात पेटी सांभाळणारा बहुधा प्राथमिक शिक्षकच. ज्या गावाला स्वतःचे वाचनालय हवे त्याने वर्षाला ठराविक रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने द्यावी, तेवढीच सरकारने, असा नियम होता. फुकट दिलेले लोक जपत नाहीत आणि सगळे विकत घ्यायला सांगितले तर घेत नाहीत, या दोहोंमधली ही व्यवहारी वाट. थोड्याच वर्षांत अशी वाचनालये शेकड्यांनी मोजावी इतकी झाली.

पुस्तके हवीत तर ती लिहिणारे हवेत. १९१२ साली महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी काढून ठेवला आणि त्याच्या व्याजातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ व ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ सुरू झाल्या, गुजरातीत आणि मराठीतही. बडोद्याहून निघणारे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयाचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत एकत्र छापले जाई. एका संस्थानी नियतकालिकाने तीन भाषा एकाच पुठ्ठ्यात बांधल्या आणि कोणाचा धर्म बुडाला नाही, हे आपल्या जिल्ह्यांतल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

बडोद्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास परतले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही लोकांनी हुसकले. ज्या नगरीचे वाचनालय देशात अव्वल होते तेथे सर्वांत मोठा वाचक उघड्यावर पडला. पेटी गावात पोचली, पण गावातल्या कोणत्या आळीपर्यंत पोचली हा प्रश्न म्हणून प्रत्येक आकडेवारीच्या शेजारी लिहून ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. खेड्यांत जाणाऱ्या पेट्या बहुतेक गुजराती असणार हे उघड आहे. प्रजेची भाषा ती, आणि कारभारही तिच्यातच. राजघराणे मराठी, शहरातली काही हजार कुटुंबे मराठी, मुलूख गुजराती. बडोद्याच्या मराठी मुलाला घरात शिरोरेषेची अक्षरे आणि दुकानाच्या पाट्यांवर शिरोरेषा नसलेली, अशी दोन्ही वाचावी लागली. ती दोन्ही तो सहज वाचू लागे, कारण या दोन लिप्या बहिणी आहेत. आपल्या बेळगाव, निपाणी, बिदरकडच्या मुलांचे काम अधिक अवघड आहे. कानडी अक्षरांचे वळण संपूर्ण निराळे. पण क ख ग घ चा क्रम तोच, स्वरांची मांडणी जवळजवळ तीच. फक्त ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ कानडीत जास्तीचे. हैदराबादच्या मुलाची तेलुगूशी हीच तडजोड. म्हणजे एका लिपीत वर्णमाला पक्की झालेल्या मुलाला दुसरीत आवाज नव्याने शिकायचे नसतात, फक्त चित्रे शिकायची असतात. पालक जेव्हा म्हणतात की दोन लिप्यांनी मुलाच्या डोक्याचा गोंधळ होईल, तेव्हा त्यांना बारा वर्षांच्या गोपाळाची आठवण द्यावी. तो चार भाषांशी एकदम झगडत होता.

गोंधळ होतो तो दुसरीकडे. मूल घरी मराठी बोलते, शाळेत कानडी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी वाचते, आणि मराठी वाचण्याचे त्याला काहीच कारण पडत नाही. बोलणारी भाषा आणि वाचणारी भाषा यांची ताटातूट होते. अशा मुलाला मराठी येते, पण बाळबोध येत नाही. आजीने पाठवलेले पत्र कोणीतरी वाचून दाखवावे लागते. एक पिढी अशी गेली की पुढच्या पिढीत बोलणेही स्वयंपाकघरापुरते उरते. तंजावरच्या मराठी घराण्यांत काय झाले ते पाहावे. तेथली मराठी आजही ऐकू येते, तिची गोडीही आहे, पण ती लिहिणारे हात आता थोडे राहिले आहेत. ज्या गावाने मराठी मुलांचे पहिले छापील पुस्तक दिले त्या गावाची ही स्थिती आहे.

मग वाचनाची गोडी लागते कशी? या प्रश्नावर सर्वांत कसून काम केले ते बडोद्याच्या शेजारी, भावनगरला, आणि त्यात एका मराठी बाईचा मोठा वाटा होता. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. थोड्याच वर्षांत ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मुंबईत जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी घरात वाढलेल्या ताराबाईंनी गुजराती आपलीशी केली आणि तिच्यात लिहू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ गुजरातीत निघाली, पुढे ताराबाईंनी ती मराठीत आणली.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ अनेकांनी वाचलेले असेल. त्यातला कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गात पाऊल ठेवतो आणि पाठ घेण्याऐवजी गोष्ट सांगू लागतो. दंगा करणारी पोरे गप्प होतात. पुढे तो पाठ्यपुस्तकांसाठी पालकांनी द्यायच्या पैशांतून वेगवेगळी गोष्टींची पुस्तके घेतो आणि वर्गाचे छोटे वाचनालय करतो. चाळीस मुलांकडे एकच पुस्तक चाळीस वेळा असण्याऐवजी चाळीस निरनिराळी पुस्तके फिरती राहतात. हिशेब इतका सरळ आहे की तो अजून बहुतेक शाळांनी मांडलेला नाही! आणि क्रम लक्षात घ्या: आधी कान, मग डोळे. गोष्ट ऐकताना अर्ध्यावर थांबली की उरलेली कोठे आहे हे मूल विचारते, आणि ती त्या पुस्तकात आहे असे सांगितले की ते पुस्तकाकडे जाते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली तेव्हा प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव दिले. तेही मुळात ऐकण्याचेच पुस्तक आहे. आपल्या सीमेवरच्या घरांत ही ऐकण्याची बाजू अजून शाबूत आहे, कारण मराठी आपल्याकडे मुख्यतः ऐकूनच जगली. आजी आहे तोवर अर्धे काम झालेले असते.

१९३९ हे साल या गोष्टीत विलक्षण आहे. सयाजीराव त्या वर्षी गेले, मोतीभाई अमीन गेले आणि गिजुभाईही गेले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मध्यवर्ती वाचनालय राहिले, त्याचे लोखंडी मजले आणि काचेच्या फरशा पाहायला लोक अजून जातात.

ताराबाई मात्र भावनगर सोडून १९३६ साली दादरला आल्या, आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर. ही पुन्हा सीमाच, डहाणू तालुक्याची, मराठी आणि गुजराती एकमेकींत मिसळतात ती. अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली मुले वारली. त्यांना गुरे राखायची असत, धाकटी भावंडे सांभाळायची असत, शाळेची घंटा त्यांच्या दिवसात बसत नव्हती. तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली, झोपडीपुढच्या अंगणात, आणि तिला अंगणवाडी म्हटले. बडोद्याची पेटी गावापर्यंत गेली होती, ही त्याच्याही पुढे उंबऱ्यापर्यंत गेली. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकास योजना सुरू केली तेव्हा हे नाव देशभर गेले.

कोसबाडला मात्र पारडे फिरलेले होते. तेथे पुस्तकाची भाषा मराठी आणि घरची भाषा वारली. तंजावर, बडोदे, बेळगावला आपले मूल ज्या जागी उभे असते, त्या जागी तेथे वारली मूल उभे होते, आणि समोरची परकी, छापील, शाळेची भाषा आपली होती. ताराबाई आणि अनुताई तेथे पाठ्यपुस्तक घेऊन बसल्या नाहीत. त्यांनी वारली गाणी ऐकली, पोरांच्या बोलीतले शब्द शिकून घेतले, पाने, बिया आणि शंख-शिंपले मोजायला घेतले. अक्षरे त्यानंतर आली.